सावलीचं मत

‘गणराज्य’ या ऑनलाइन खेळाच्या सभागृहात गैरहजर सदस्याचं मत त्याची सावली द्यायची. सदस्याने आजवर दिलेली मतं तपासून ती नवं मत ठरवायची. निम्म्या खुर्च्यांवर आता सावल्याच बसत. हा प्रकार बंद करा, असा ठराव हेमलता सोनटक्के यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मांडला होता. मतदानाला पाच मिनिटं उरली आणि एक मत कमी पडत होतं. वैतागून त्यांनी इंगोल्यांना फोन लावला.

“अहो ताई, लग्नात आहे, पंगत बसलीय. माझी सावली देईल की मत.”

“सावली नको म्हणून तर ठराव आहे, इंगोले. जिलबी कुठे पळून जात नाही. लॉगिन करा, तोवर मी फोन ठेवणार नाही.”

कुरकुरत इंगोल्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. तरीही ठराव एका मताने पडला. यादीत स्वतःच्याच नावापुढे ‘विरोध’ बघून हेमलताताईंनी आपल्या सावलीला जाब विचारला.

“तुम्ही फोनवर होतात, म्हणून मत मला द्यावं लागलं,” सावली म्हणाली. “नऊ वर्षांत तुम्ही एकाही ठरावाला हो म्हटलेलं नाही. मग मी आज कसं म्हणणार?”