पुलाचा वर्धापनदिन

फ्लेक्सवर आपला चेहरा लांबून कसा दिसतो ते बघायला उदयसिंह रस्ता ओलांडून पलीकडं गेला. मान तिरकी करून त्यानं नीट निरखलं आणि शिडीवर चढलेल्या सम्राटला ओरडून सांगितलं, "आनि जरा वर घे की! खांबाआड डोळा जातोय माझा!" फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'पूल संघर्ष समिती, द्वितीय वर्धापनदिन सोहळा'. त्याखाली मांडवात साखळी उपोषणाच्या आजच्या पाळीच्या बायका पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

दुकानाचा वर्धापनदिन होतो, तालमीचा होतो, मग पूल न मिळाल्याचा का होऊ नये? गुरुवारी हलगी ठरली होती, फेटे ठरले होते, प्रमुख पाहुणे ठरले होते. संध्याकाळी उपोषण सुटल्यावर तांबडा-पांढरा रस्साही होता.

सुरुवातीला या मांडवात खरोखर माणूस यायचा. ओढ्याला पाणी चढलं की पलीकडची वस्ती तुटते. तिथल्या एका अडलेल्या बाळंतिणीला गूळ करायच्या मोठ्या कढईत, काहिलीत बसवून पाण्यातून अलीकडं आणलं होतं, आणि तो फोटो बघून अख्खं कोल्हापूर हळहळलं होतं. व्यापाऱ्यांनी चहा पाठवला, कॉलेजची पोरं घसा फोडून गेली. मग उदयसिंहाला मागण्या सुचत गेल्या. पुलाबरोबर रस्ता, रस्त्यावर कमान, कमानीवर त्याच्या आजोबांचं नाव, आणि हा कचेरीत गेला तेव्हा खुर्चीतून न उठलेल्या एका कारकुनाची बदली. हे सगळं एकदम मिळाल्याशिवाय ओढ्यात मशीन उतरू द्यायचं नाही, असा ठरावही त्यानं करून घेतला. लोकांनी ऐकलं, ऐकलं, आणि आपापल्या कामाला लागले. आता अर्धा रस्ता मांडवानं अडवलाय म्हणून गाडीवाले शिव्या घालत जातात. काल तर एक बाई चप्पल काढून आत आली आणि चादरींचा सेल कुठल्या बाजूला आहे, असं विचारून गेली.

"लोकास्नी लाज म्हनून ऱ्हायली न्हाय बघ," मांडवात परत येत उदयसिंह म्हणाला. "आमी हितं उपाशी मरायचं, आनि ह्येंनी मान वळवून बघायचं सुदीक न्हाय." तो आत्ताच मिसळ खाऊन आला होता. मिशीला कट लागलेला होता.

तेवढ्यात बांधकाम खात्याचे साहेब स्कूटर लावून आत आले. घामेजले होते, पण चेहरा हसरा होता.

"अध्यक्ष, पूल मंजूर झाला. उद्या सकाळी ओढ्यात मशीन उतरवतो. पावसाच्या आत निदान जाण्या-येण्यापुरतं काम निघेल. तुमची माणसं आडवी येणार नाहीत, एवढं फक्त सांगा."

बायकांचे पदर थांबले. पुढं बसलेली मीनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पहिल्या दिवसापासून ती इथं बसत आलेली. खालची सतरंजीसुद्धा ओढ्यापलीकडच्या तिच्याच वस्तीच्या बुद्धविहारातली. तिची सून निशा पोटुशी होती, आठवा सरत आला होता.

उदयसिंहाला मात्र गुरुवार आठवला. उद्या मशीन उतरलं तर गुरुवारी वर्धापनदिन कशाचा करायचा? पाहुण्यांना काय सांगायचं?

"शुक्रवारी उतरवा की, साहेब," तो म्हणाला.

"शुक्रवारी मशीन कुठलं? उद्या नाही तर ते दुसऱ्या कामावर जातंय. मग दिवाळीनंतरच."

"आनि कमानीचं काय?"

साहेबांनी वर फ्लेक्सकडं बघितलं.

"दादा, व्हय म्हना की," मीनाबाई म्हणाली.

"मावशी, तुमास्नी ह्यातलं कळत न्हाय. एवढ्यावर उठायचं हुतं तर दोन वर्सं बसलो कशाला?"

"पुलासाटनं."

उदयसिंहानं आवाजात साखर कालवली. "आवो, गुरुवारी तुमचा सत्कार हाय. फेटा बांधनार हाय तुमास्नी."

"मी फेटा बांधू आनि सुनंला काहिलीत बसवू व्हय?" मीनाबाई साहेबांकडं वळली. "सायेब, उद्या मशीन घाला. आडवं कोन येतंय ते आमी बायका बघतो."

साहेबांनी मान डोलावली आणि स्कूटरला किक मारली. मीनाबाई वाकून सतरंजी गुंडाळू लागली. एका जागी ती अडली. "पाय काढा, दादा," ती म्हणाली. उदयसिंहानं पाय काढला. बायकांनी सतरंजी डोक्यावर घेतली आणि एकीनंही मागं न बघता एसटी स्टँडची वाट धरली.

"आंदोलन फोडलं!" उदयसिंह पाठमोऱ्या बायकांवर खेकसला. "सम्राट, पेपरवाल्यास्नी कळीव. ह्यो विरोधकांचा डाव हाय म्हनावं."

पेपरचा फोटोग्राफर थोड्या वेळात यायचाच होता. मांडवात आता नुसतं डांबर आणि पाण्याचा जार उरला होता. आवाजानं निदान फोटोपुरते तरी चार लोक थांबतील, असं त्याला वाटलं. त्यानं माइक ओढला, छाती भरून घेतली आणि मूठ वर केली.

"पूल आमच्या हक्काचा!"

रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या. सम्राट शिडीवर होता, त्याच्या दातात सुतळी होती. उदयसिंह मूठ वर धरून थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं, माइक थोडा लांब धरला, आणि आवाज बदलून स्वतःच म्हणाला, "नाही कुणाच्या बापाचा!"