नव्वद जोड हातमोजे

किनाऱ्यावर एकही बाटली नव्हती.

कंडक्टर बसच्या पायरीवरच थिजला. मागे माणसं खोळंबली. तीस वर्षं त्याने लोकांना 'पुढे चला, पुढे चला' म्हणून ढकललं होतं. आज बायकोने त्यालाच ढकललं.

"अहो, उतरा की! का तिकीट काढायचं राहिलंय?"

तो उतरला. समोर वाळू घासलेल्या ताटासारखी लख्ख पसरली होती. पिशवी नाही, थर्माकोल नाही, तुटकी चप्पल नाही. गेल्या रविवारी इथे पाय ठेवायला जागा नव्हती. दोन बसमधून नव्वद माणसं उतरली, टोप्या घालून रांगेत उभी राहिली आणि कचऱ्याची वाट पाहू लागली.

निवृत्त झाल्यापासून सात वर्षं कंडक्टर दर रविवारी हा किनारा एकटाच साफ करत होता. घर लागूनच, किनाऱ्याकडेच्या गल्लीत. गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन तो 'या, या' म्हणाला होता, एकदा नाही, पन्नासदा. पालथ्या घड्यावर पाणी. लोक गॅलरीत चहाचे कप घेऊन उंटावरून शेळ्या हाकायचे, "डावीकडे एक पिशवी राहिली बघा, कंडक्टर!" टेलरबाई तर मशीनवरची मान वर न करता विचारायच्या, "काय, आज किती प्रवासी भरले पोत्यात?"

शेवटी त्याने गल्लीचा नाद सोडला. गुडघेही बोलायला लागले होते. शहरातल्या एका मोठ्या ऑफिसला त्याने पत्र लिहिलं. तिथले लोक वर्षभरासाठी एक किनारा निवडणार होते आणि दर महिन्याला येऊन साफ करणार होते. त्यांनी आधी एकदा येऊन बघायला होकार दिला तेव्हा त्याने बायकोला सांगून टाकलं, "हे जमलं तर ठीक. नाहीतर आपण संपलो. पोतं खुंटीला." मग गल्लीच्या तोंडाशी एक कागद चिकटवून दोघं शहरात लेकीकडे गेली. नव्वद जोड हातमोजे घेतले, तिथेच मुक्काम केला आणि आज सकाळी पाहुण्यांच्याच बसने परतली.

ऑफिसच्या मॅडम जवळ आल्या. "काका, किनारा हाच ना?"

"हाच."

"मग कचरा?"

"असतो हो! एरवी भरपूर असतो!" कंडक्टर काकुळतीने म्हणाला. घरात कचरा सापडल्याची लाज वाटते माणसाला. त्याला तो न सापडल्याची वाटत होती. तो खडकांकडे धावला. खडकांच्या मागे वाकला, कपारीत हात घातला, आणि एकदाचं बाटलीचं एक झाकण सापडलं. त्याने ते उंच धरून दाखवलं. नव्वद माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमना हसू आवरेना, पण हातातली किनाऱ्यांची यादी त्यांनी उघडलीच. "वाईट वाटून घेऊ नका, काका. आम्हाला गरज असलेला किनारा हवाय. पुढचा बघतो."

कंडक्टर मटकन वाळूत बसला. हातमोज्यांची न उघडलेली पेटी त्याने मांडीवर ओढून घेतली.

"अहो, इकडे या." बायको गल्लीच्या भिंतीपाशी उभी होती. "लवकर या. आणि तोंड मिटून या."

भिंतीमागे पोती रचलेली होती. पुरुषभर उंच, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तांदळाची पोती, उशांचे अभ्रे, जुने पडदे शिवून केलेल्या पिशव्या. सगळी गच्च भरलेली. पोत्यांपुढे अख्खी गल्ली उभी होती. बेकरीवाला, सलूनवाला, वरच्या मजल्यावरच्या जावा-जावा, सगळे इस्त्रीचे कपडे घालून. टेलरबाईंच्या दोन बोटांना पट्टी होती.

"हे... तुम्ही केलंत?"

"मग काय समुद्राने केलं?" टेलरबाई कडाडल्या. "खुशाल कागद लावून गेलात, 'उद्या सकाळी सात वाजता नव्वद पाहुणे आपला किनारा साफ करायला येत आहेत!' पाहुण्यांना असा उकिरडा दाखवायचा? तुम्हाला नसेल, आम्हाला अब्रू आहे! काल सकाळपासून गल्लीत कोणी पाठ टेकलेली नाही."

कंडक्टरने तो कागद गाड्या बाजूला लावाव्यात म्हणून चिकटवला होता. तो हसायला लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही. सात वर्षं त्याने यांना 'या' म्हणून सांगितलं होतं. 'कोणीतरी येतंय' म्हणून सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात पोती न्यायला नगरपालिकेचा ट्रक आला. तोही टेलरबाईंनीच बोलावला होता. मग कोणी कोणाला विचारलं नाही. पाहुणे आणि गल्ली एकाआड एक उभी राहिली आणि पोती हातोहात पुढे सरकू लागली. "पुढे चला, पुढे चला!" कंडक्टर जुन्या आवाजात ओरडत होता. हातमोजे कमी पडले. नव्वद जोड फोडून प्रत्येकाला एकेकच द्यावा लागला. इतक्या आनंदाने त्याला आजवर काहीच कमी पडलं नव्हतं.

ट्रक हलला तेव्हा मॅडमच्या कपाळाला चिखल लागला होता. त्यांनी यादी घडी करून पर्समध्ये टाकली. "काका, ठरलं. वर्षभर हाच किनारा. दर महिन्याला येतो आम्ही."

कंडक्टरने वळून गल्लीकडे पाहिलं. टेलरबाई रिकाम्या पिशव्या झटकून घड्या घालून ठेवत होत्या. तो मॅडमना थोडं बाजूला घेऊन गेला आणि हळूच म्हणाला,

"यायची तसदी कशाला घेता, मॅडम? नुसतं 'येतो' म्हणून कळवत जा."