पानाच्या तळाशी

"कुठून मिळालं म्हणालात?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस, ड्रिल असा सगळा संसार कोंबला.

"आँ," पेशंट म्हणाला.

शेजारी उभ्या सिस्टरनं लाळ ओढायची नळी तोंडाऐवजी त्याच्या हनुवटीला लावली. खुर्चीत टेकता टेकता या शहाण्यानं मोबाईल दाखवून मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, "डॉक्टर, तुमची रहस्यकथा वाचतोय. झकास आहे. ग्रुपवर फुकट आली."

"फुकट," डॉक्टर ड्रिलपेक्षा वरचा सूर लावून म्हणाले. "रात्री जागून लिहिलंय मी ते. प्रकाशकाच्या साईटवर सरळ मिळतं. पैसे भरा, पुस्तक फोनमध्ये. पण नाही, आपल्याला चोरीचा मालच गोड लागतो. हो की नाही?"

"आँ आँ."

"ज्यानं हे पसरवलं तो सापडू दे मला एकदा. सिस्टर, नळी गालात धरा, कानात काय घालताय त्यांच्या?"

तिला कान दिसत नव्हता, गाल दिसत नव्हता. दिसत होता तो पेशंटच्या पोटावर उताणा पडलेला मोबाईल. साईटवरून पुस्तक घेतलं की पानोपानी तळाशी घेणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर येतो, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण उशिरा. तोवर पुस्तक धाकट्या दिराकडे गेलं होतं. "वाचा आणि पुसून टाका हं, भाऊजी." भाऊजींनी वाचलं नाही, पुसलंही नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं आणि गाढ झोपले. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. ते डॉक्टर याच महिन्यात ठरवणार होते.

पेशंट भलताच परोपकारी निघाला. तोंड अडकलेलं, म्हणून त्यानं मोबाईल उचलला, पान वर सरकवलं आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून तो डॉक्टरांपुढे नाचवला.

तिनं घाईघाईनं पाण्याचा फवारा दाबला. पाणी सगळं पेशंटच्या नाकात गेलं. मोबाईल कोरडा ठणठणीत.

ड्रिल थांबलं. डॉक्टरांनी वाकून वाचलं. मग तिच्याकडे बघितलं. तोंडावर मास्क. हसतायत की दात-ओठ खातायत, कळायला मार्ग नाही.

"पुस्तक आल्यापासून एकच प्रत विकली गेलीय," ते हळूच म्हणाले. "कोण हा देवमाणूस, म्हणून मी रोज विचार करायचो."

"डॉक्टर, ते मी नाही, म्हणजे भाऊजींनी..."

"त्यांना चूळ भरू द्या."

पेशंट सुजका गाल सावरत निघाला. जाताना बाहेरून दार नीट ओढून घेतलं. डॉक्टरांनी हातमोजे बदलले, सावकाश, एकेक बोट ओढून.

"तुमची अक्कलदाढ ठणकतेय म्हणत होतात ना?" त्यांनी खुर्चीवर थाप मारली. "बसा. आज फुकटात काढू."

ती बसली. खुर्ची घरघरत मागे कलली. भुलीचं इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच पडून होतं, आणि डॉक्टर पक्कड निवडत होते.