चांदणीच्या आकाराचं तळं

"मद्रासला उतरल्यावर काय?" श्यामकांतने विचारलं.

"एग्मोर स्टेशन," कुंदा पोळी लाटता लाटता म्हणाली. "तिथून संध्याकाळची छोटी गाडी."

"आणि समुद्र? समुद्र कोण बघणार?"

"हां, आधी मरीना. दीपस्तंभ. मग एग्मोर."

श्यामकांतने कपाळावरचा घाम पुसला. मांडीवर रेल्वेचं वेळापत्रक, हातात पेन्सिल. अंबरनाथच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत ही तोंडी परीक्षा चौथ्या संध्याकाळी चालू होती.

कुंदाला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण नवऱ्याबरोबरचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मुरबाडपलीकडचं सासर. शेजारची नीलिमा एलटीसीवर, म्हणजे कारखान्याकडून मिळणाऱ्या सहलीच्या प्रवासखर्चावर, काश्मीर बघून आली होती आणि डाल लेकचे फोटो तिने कुंदाला तीनदा दाखवले होते. कुंदाचं मात्र दर वेळी काहीतरी आडवं यायचं. एकदा सासूबाईंचं आजारपण, एकदा लेकीचा, मीनलचा गोवर. यंदा मे महिन्यात दहा दिवसांची रजा मिळाली, ती तिघांनी गावचं घर शाकारण्यात घालवली. जूनमध्ये फ्रिज आला, तेव्हा सहल आता पुढच्या जन्मी, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

आणि श्रावण लागला तसा हा माणूस एक दिवस वेळापत्रक घेऊनच घरी आला. "कुंदा, मद्रास आणि कोडाईकॅनॉल," एवढंच म्हणाला. तिच्या हातातली कपबशी पडता पडता राहिली. समुद्रही आणि डोंगरावरचं तळंही! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

"कोडाई रोडहून बसला किती वेळ?"

"तीन तास," आतून मीनल ओरडली. चौदा वर्षांच्या पोरीचं पाठांतर आईपेक्षा बरं होतं. "वाटेत धबधबा. तळं चांदणीच्या आकाराचं. पण पप्पा, हे सगळं तिथे गेल्यावर दिसेलच ना!"

"विचारलं तेवढं सांग," श्यामकांत खेकसला.

"अहो, पण निघायचं कधी?" कुंदाने विचारलं.

"ते नंतर. आणि नीलिमावहिनींकडे एक अक्षर बोलू नकोस."

दृष्ट लागायला नको म्हणून असेल, असं कुंदाला वाटलं. तिची भीती निराळी होती. त्याच्याच सेक्शनमधला हेमचंद्र पंधरा दिवसांपूर्वी कसल्याशा चौकशीत सस्पेंड झाला होता. तेव्हापासून श्यामकांत नीट जेवत नव्हता. माणसं कमी झाली म्हणून साहेब रजाच नाकारतील आणि याही वेळी सगळं मोडेल, या विचाराने तिला घास जात नव्हता.

शुक्रवारी तो उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून एक पुडी घेऊन आला. आत निलगिरी तेलाच्या दोन बाटल्या आणि एक शिंपल्यांची डबी. डबीवर रंगाने लिहिलं होतं, 'मद्रास'.

"इश्श! हे तिथूनच आणलं असतं की!"

"इथे स्वस्त पडतं. सिंधी दुकानदार म्हणाला, बोलो तो लंडन लिख देता हूं."

कुंदा पोट धरधरून हसली. असा चिकट नवरा त्रिभुवनात सापडायचा नाही. श्यामकांत मात्र हसला नाही. त्याने डबी शोकेसमध्ये पुढेच, दारातून दिसेल अशी ठेवली.

शनिवारी तिला राहवेना. तिने पलंगाखालची मोठी बॅग काढली. तिघांचे स्वेटर, मीनलचा नवा फ्रॉक, स्वतःची मोरपंखी साडी आणि वाटेत लागतील म्हणून वर शंकरपाळ्यांचा डबा. संध्याकाळी श्यामकांतने दाराशी ती बॅग बघितली आणि चपला न काढताच तो खुर्चीत बसला.

"कुंदा, एक सांगायचं होतं."

"रद्द झालं, एवढं मात्र सांगू नका. तुमच्या पाया पडते."

त्याने वाकून चपला काढल्या.

"नाही. रद्द नाही झालं," तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात दोन गृहस्थ, एकाच्या हातात फाइल. श्यामकांतने त्यांना खुर्च्या दिल्या. रजेचंच काहीतरी असणार, म्हणून कुंदाने देवाचं नाव घेत चहा टाकला.

"वहिनी, आम्ही कारखान्याच्या दक्षता विभागाकडून आलोय," चहा घेत फाइलवाले गृहस्थ म्हणाले. बोलणं अगदी मऊ होतं. "यांच्या एलटीसीच्या बिलाबद्दल दोन प्रश्न. मे महिन्यात तुम्ही तिघं मद्रास आणि कोडाईकॅनॉलला जाऊन आलात ना? कसं वाटलं?"

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. कुंदाने नवऱ्याकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता. मीनल दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"छान वाटलं," कुंदा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आधी मरीना बघितला, दीपस्तंभ बघितला. मग एग्मोरहून छोटी गाडी. कोडाई रोडहून बसने तीन तास. वाटेत धबधबा. तळं चांदणीच्या आकाराचं आहे."

गृहस्थांनी फाइलमध्ये लिहून घेतलं. उठता उठता त्यांची नजर दाराशी गेली.

"आणि ही बॅग? कुठे निघालात की काय?"

कुंदाने बॅगेवरचा शंकरपाळ्यांचा डबा उचलून पोटाशी धरला.

"नाही हो," ती म्हणाली. "मेमध्ये परत आलो, तेव्हापासून रिकामी करायचीच राहून गेलीय."