अंगठ्याच्या टप्प्यात

"साहेब, पत्ता टाइप करायची पट्टी खाली घेऊ या. एका हातात फोन असला की अंगठा वरपर्यंत पोचत नाही," मोबाइलचा नवा ब्राउझर बनवणारी इंजिनिअर पुन्हा म्हणाली.

"अगं, मग देवाने दुसरा हात काय खिशात ठेवायला दिलाय? पट्टी वरच राहू दे आणि आज शेवटची आवृत्ती पाठवून टाक," असं म्हणत साहेब घाईघाईने दवाखान्याकडे निघाले.

तिथे खाटेवर वडील तळमळत होते. त्यांनी लेकाचा हात जो धरला, तो सोडेनात. नर्स एका तपासणीचं नाव सांगून गेली, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"फार दुखतं का रे त्यात? बघ की तुझ्या फोनमध्ये."

साहेबांनी मोकळ्या हाताने आपलाच ब्राउझर उघडला. अंगठा ताणून पाहिला, फोन तळहातावर सरकवून पाहिला. पट्टी काही गाठता येईना, आणि फोन निसटून चादरीवर पडला. त्यांनी दुसरा हात हळूच सोडवू पाहिला, तर वडिलांनी तो आणखी आवळला.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही, बाबा. इथेच आहे."

तेवढ्यात फोन वाजला. उचलायचं बटण खालीच होतं, अंगठा सहज पोचला.

"साहेब, पाठवू ना? पट्टी वरच ठेवलीय."

"खाली घे."

"आणि तो दुसरा हात?"

साहेबांनी वडिलांकडे पाहिलं.

"तो कामात आहे गं."