उद्यापनाची खीर

“आपल्या भागातली नवी घरं रद्द! महापालिकेनं योजनाच बदलली, आता सगळी घरं पूर्वेकडच्या वॉर्डांत!” सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं आणि मंदाकिनीबाईंनी देवीपुढे हात जोडले. खिडकीसमोरचं मैदान वाचलं होतं. त्यासाठीच तर त्यांनी शुक्रवार धरले होते.

त्याच संध्याकाळी उद्यापनाच्या खिरीची पहिली वाटी त्यांनी फाटकाशी बसणाऱ्या फुलवाल्या रुक्मापुढे केली. रोजची पूजा तिच्याच हारांनी व्हायची.

“आंबट काही नाही ना ह्यात, काकू? माझेही शुक्रवार चाललेत.”

“अगं बाई! कशासाठी?”

“समोर मैदानावर गरिबांसाठी घरं व्हायचीत ना, त्यात आमचं एक लागावं म्हणून. पत्र्याच्या खोलीत पोरी मोठ्या व्हायला लागल्या, जीव थाऱ्यावर नसतो बघा.”

मंदाकिनीबाईंच्या हातातली वाटी कलंडणार, तेवढ्यात रुक्मानं ती धरली आणि कपाळाला लावली.

“तुम्ही काय मागितलं होतं?”

मंदाकिनीबाई पदर सारखा करू लागल्या.

“बरं, नका सांगू. पावली ना तुम्हाला?” रुक्मा हसली. “देवी तर एकच. आता माझंही ऐकेल.”