माफीचं शूटिंग

धरणगावला एका हळदीत ठेका चुकला, म्हणून खान्देशी गाण्यांचा स्टार ललित याने भर मंडपात उखर्डूनानांच्या ढोलाला लाथ घातली. तो व्हिडिओ गावोगाव फिरला, लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, तसा ललित माफीचा व्हिडिओ काढायला कॅमेरावाल्याला घेऊन नानांच्या अंगणात हजर झाला.

हळदकुंकू वाहिल्याशिवाय नाना ज्याला कधी काठी लावत नसत, तो ढोल ओट्याला टेकून उभा होता.

"भाऊ, माफी मन्ही कसाले मांगस? लाथ ढोलले लागनी शे," नाना म्हणाले.

"हो हो, ते एडिटिंगमध्ये बघू," म्हणत ललित पाया पडला.

कॅमेरावाल्याला पटेना. "नाना, चेहरा कोरडा वाटतोय. जरा डोळ्यांत पाणी आणा ना."

पुन्हा पाया पडणं झालं, पुन्हा तेच. नाना आतल्या आत धुमसत होते. इथं नळालाही वाटेल तेव्हा पाणी येत नाही, डोळ्यांना कुठून यावं?

"तू खाली बसून शॉट घे रे," ललित कॅमेरावाल्यावर वैतागला. बसायला काही दिसेना, तेव्हा त्याने बुटाच्या टोकाने ढोल आडवा पाडला आणि गडगडवत कॅमेरावाल्याकडे लोटला. "घे, यावर टेक."

नानांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"व्वा नाना, अस्संच पाहिजे होतं!" ढोलावर बसल्या बसल्या कॅमेरावाला ओरडला. "ललितभाऊ, पटकन पाया पडा!"